ओवून ठेवलेल्या सुया

बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्याचे एक झाकण. त्यात चौपदरी दुमडलेले फडके आणि त्या फडक्यात एका ओळीने टोचून ठेवलेल्या बारा सुया, प्रत्येकीत दीड हात दोरा ओवलेला. वाचकहो, माणुसकीविषयी मला चार शब्द लिहायला सांगितले तर मी या झाकणापासूनच सुरुवात करीन. म्हणून येथेही तेथूनच करते.

रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातील डोंगरउतारावरच्या एका वाडीत माझे सासर आहे. लग्नानंतरची पस्तीस वर्षे मात्र डोंबिवलीत गेली. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, आठ दिवस राहायचे, परतताना कोकमे आणि कुळीथ पिशवीत भरून गाडीत बसायचे, एवढाच माझा आणि या वाडीचा संबंध. २०२२ च्या दिवाळीनंतर तो बदलला. सासूबाईंना स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले होते. त्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. आम्ही त्यांना डोंबिवलीला आणले. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दोन आठवड्यांत तीनदा त्यांनी ‘घरी जायचंय’ म्हणून दाराची कडी काढली. शेवटी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्यांना घेऊन मीच घरी गेले. यजमानांच्या नोकरीची दोन वर्षे उरली होती. ते एक आड एक शनिवारी कोकण रेल्वेने संगमेश्वर रोडला उतरत आणि रविवारी रात्री परत जात.

आपल्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांना आमच्या वाडीचे चित्र रंगवून सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली आणि दर १००० पुरुषांमागे ११२० हून अधिक स्त्रिया मोजल्या गेल्या. हे आकडे वाडीत उतरले की त्यांचा अर्थ असा होतो: बारा घरे, त्यांतील पाचांना कुलूप, आणि उरलेल्या सातांत बहुतेक साठी-पासष्टीपुढच्या बायका. अशा ठिकाणी आजारी माणसाची शुश्रूषा करणारी व्यक्ती एकटी असते आणि ती स्वतःही तरुण नसते. मी अठ्ठावन्न वर्षांची होते.

दिवसभर सासूबाई बऱ्या असत. दुपार कलली की मात्र त्यांच्यात काहीतरी ढवळून निघू लागे. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांमध्ये दिवस मावळताना अशी अस्वस्थता वाढते, हे ज्यांनी असा रुग्ण सांभाळला आहे त्यांना ठाऊक असेल. सासूबाईंची अस्वस्थता एका वस्तूभोवती फिरे. त्या माजघरात जात, पेटी उघडत, कपडे उपसत आणि विचारत, “माझ्या आयेच्या लुगड्याची गोधडी खंय गेली?” खरे उत्तर असे होते, की ती त्यांनी स्वतःच देऊन टाकली होती. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि घरेच्या घरे चिखलात गेली, तेव्हा आमच्या वाडीने चुलीच्या उबेवर वाळवून सात गोधड्या पाठवल्या होत्या. त्यांतली सर्वांत चांगली सासूबाईंची. तेव्हा त्यांची स्मृती शाबूत होती आणि कुणी आग्रह केला नव्हता. आता त्यांना तो पूरही आठवत नव्हता आणि ते देणेही. मी आधी सत्य सांगून पाहिले. त्यावर त्या रडल्या. मग ‘धुवायला टाकली आहे’ असे सांगू लागले. दर संध्याकाळी तेच खोटे, त्याच पेटीसमोर.

एका संध्याकाळी खालच्या घरातल्या काकी ताक द्यायला आल्या आणि हे सारे दारातून पाहून काही न बोलता गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. हातात वीतभर कापड होते, हिरवे, विटलेले, एका कडेला लाल काठ. ते त्यांनी सासूबाईंच्या मांडीवर ठेवले. “बाय, ह्ये तुझ्या आयेचं लुगडं.” सासूबाईंनी काठावरून अंगठा फिरवला. मग त्या तुकड्याची घडी करून त्यांनी ती कनवटीला खोवली. त्या संध्याकाळी पेटी उघडली गेली नाही.

पुष्कळ दिवसांनी मला कळले, की ती गोधडी पूर्वी शिवली गेली तेव्हा उरलेला तुकडा काकींच्या वाट्याला आला होता आणि त्याचे ठिगळ त्यांच्या स्वतःच्या गोधडीला लागले होते. ती गोधडी त्या रोज पांघरत. आदल्या रात्री त्यांनी ते ठिगळ उसवून काढले होते. हे मला काकींनी सांगितले नाही. त्यांच्या घरी मी एकदा सहज गेले असता दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीत, मधोमध, नवीन छापील कापडाचा चौकोन पाहिला आणि मला उलगडा झाला. येथे हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, की त्या तुकड्याने आजार हटला नाही. दोन-तीन दिवसांनी पेटी पुन्हा उघडली. परंतु आता तिच्यासमोर बसून काहीतरी खरे हातात देता येत होते.

“ह्याचीच नवी घालूया,” असे काकी म्हणाल्या आणि २०२३ च्या शिमग्यानंतर आमच्या पडवीत गोधडी मांडली गेली.

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी थोडे सांगते. गोधडी म्हणजे जुन्या कापडांचे थर. खाली एक धडके लुगडे, वर एक, मध्ये फाटकी धोतरे, परकर, पोरांचे सदरे, जे असेल ते सपाट करून अंथरलेले. हे सारे धावदोऱ्याने, म्हणजे साध्या पुढे-पुढे जाणाऱ्या टाक्याने एकजीव करायचे. आमच्याकडे कडेपासून सुरुवात करून ओळी आत आत नेतात. बायका चार बाजूंना बसतात, म्हणजे प्रत्येकीचा हात आपापल्या कडेकडून मध्याकडे सरकत जातो. हे काम चैत्र-वैशाखातले. ज्या जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तेथे पांघरुणाचे सगळे मृगापूर्वी उरकावे लागते. पुढचे चार महिने कपडा वाळत नाही. कारवारच्या पलीकडे हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका अशीच कवंदी शिवतात, बंगालात कांथा, बिहारात सुजनी. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर एक सुंदर ग्रंथ केला आहे. जुने कापड टाकवत नाही, ही खोड काही आपलीच नव्हे.

“तुझ्या पडवीत सावली बरी,” असे कारण सांगून त्या सगळ्या दुपारी तीन वाजता आमच्याकडे येऊ लागल्या. खालच्या काकी, माळावरच्या आजी, पलीकडच्या वहिनी, आणि काम आटोपून येणारी अंगणवाडीची मदतनीस. मी चहा ठेवायला उठले तर काकी म्हणत, “चाय मागनं. तू जरा पड आत.” पहिल्या दिवशी मी संकोचाने नुसती आडवी झाले. जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते, माजघराचे दार कुणीतरी हलकेच ओढून घेतले होते आणि बाहेर सासूबाई हसत होत्या. आपल्यापैकी जे रुग्णाची सेवा करीत आहेत, त्यांना त्या अडीच तासांच्या झोपेचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. रात्री तीन-तीनदा उठावे लागत असे. कित्येक महिन्यांत मी सलग झोपले नव्हते. आणि ही झोप मी मागितली नव्हती. कुणी “तू दमली आहेस” असेही म्हटले नव्हते. म्हटले असते तर मी “छे, मी ठीक आहे” असेच उत्तर दिले असते. काकींची पडवी आमच्यापेक्षा मोठी आहे आणि तिच्यावर फणसाची गर्द सावली असते, हे लक्षात यायला मला महिना लागला.

आता त्या झाकणाकडे वळते. माळावरच्या आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांचा टाका सगळ्यांत बारीक, पण सुई ओवणे त्यांना जमेनासे झाले होते. दर थोड्या वेळाने त्या म्हणत, “ओव गो जरा.” कुणीतरी हातातले काम ठेवून ओवून देई. पहिल्या आठवड्यानंतर आजी येईनाशा झाल्या. डोके दुखते, असा निरोप येई. चौथ्या दिवशी खालच्या काकींच्या नातीने, दहावीची परीक्षा नुकतीच दिलेल्या त्या मुलीने, सकाळीच पडवीत येऊन हे झाकण कोनाड्यात ठेवले. बारा सुया, बारा दोरे. आजींसाठी आहे असे ती बोलली नाही. “आता सगळ्यांनी ह्यातलीच घ्यायची, दोरा सारखा लांबीचा येतो,” एवढेच तिने सांगितले. दुपारी तिनेच जाऊन आजींना बोलावून आणले. सगळ्याजणी झाकणातली सुई घेऊ लागल्या, त्यामुळे आजींनीही ती घेतली. तिची तिला संपली की पुढची. मागण्याची वेळच उरली नाही. सोळा वर्षांच्या मुलीला हे सुचावे याचे मला आजही आश्चर्य वाटते. आम्ही मोठ्या बायका दहा दिवस आजींना सुई ओवून देत होतो आणि त्यालाच मदत समजत होतो.

बैठक उठताना सुया मोजण्याचे काम अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी आपणहून घेतले होते. बारा गेल्या, बारा परत आल्या पाहिजेत. एकदा अकराच भरल्या, तर त्यांनी विजेरी घेऊन पडवीची प्रत्येक फरशी तपासली; सुई सासूबाईंच्या पदरात निघाली. एवढी काटेकोरपणा कशासाठी, असे मला वाटे. मग कळले. पलीकडच्या वहिनींना वीस वर्षांचा मधुमेह आहे आणि त्यांच्या तळपायांची संवेदना गेली आहे. अशा पायात सुई रुतली तरी कळत नाही. कळते ते जखम चिघळल्यावर, आणि तोवर पायावर बेतलेले असते. मदतनीस बाईंनी हे वहिनींसमोर कधी बोलून दाखवले नाही. उलट “माझा पोरगा रांगता होता तेव्हापासून मला मोजायची सवय,” असे त्या सांगत. त्यांचा पोरगा आता पुण्याला कारखान्यात आहे.

सासूबाईंविषयी मला सर्वांत मोठे नवल वाटले ते पहिल्याच दुपारी. ज्यांना सकाळी काय खाल्ले हे सांगता येत नव्हते, मला कधी सून तर कधी आपली धाकटी बहीण समजत होत्या, त्यांच्या हातात सुई देताच त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, कापड डाव्या हाताच्या बोटांखाली घेतले आणि टाका घालू लागल्या. सरळ, सारख्या अंतराचा. डॉक्टरांनी पुढे मला समजावले, की घडलेल्या गोष्टींची आठवण आणि हाताला लागलेल्या कृतीची आठवण मेंदूत निरनिराळ्या ठिकाणी राहते. या आजारात पहिली लवकर जाते, दुसरी पुष्कळदा बराच काळ टिकते. म्हणून नाव विसरलेला माणूस टाळ वाजवतो, भाजी निवडतो, वात वळतो. आपल्या घरी असा रुग्ण असेल तर त्यांचे हात पूर्वी काय करीत होते ते आठवून पाहा. दुपारी तीन ते पाच त्यांच्या हाताला काम असले की संध्याकाळची तगमग पुष्कळ हलकी होई, हा आमच्या घरचा अनुभव आहे. पेटी उघडण्याचे दिवस आठवड्यातून सातावरून तीनावर आले.

वैशाख सरता सरता मात्र त्यांचा टाका बिघडला. ओळ तिरपी जाऊ लागली, शेजारच्या ओळीवर चढू लागली, एका जागी दहा टाके एकावर एक. एके रात्री त्या झोपल्यावर मी दिवा जवळ घेतला, त्यांच्या दोन ओळी उसवल्या आणि नव्या, सरळ घालून ठेवल्या. माझा हेतू वाईट नव्हता. गोधडी चांगली दिसावी, चार बायकांत त्यांचे हसे होऊ नये, असे मला वाटले. मी बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली आहे. खाडाखोड मला सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी काकींनी त्या ओळींवरून बोट फिरवले. कापडावर जुन्या टाक्यांची भोके राहतात. सगळ्या उठून गेल्यावर त्या मागे थांबल्या. “उसवलंस काय गो?” मी म्हटले, वाकडे होते म्हणून. त्या म्हणाल्या, “वाकडे होते. पण बायचे होते.” पुढे काहीच बोलल्या नाहीत, चहाचा कप विसळला आणि गेल्या. त्या दुपारी सासूबाईंनी सुई हातात घेतली नव्हती. त्या नुसत्या त्या दोन ओळींवर तळहात ठेवून बसून होत्या. त्यांना काही कळले होते की तो दिवसच तसा होता, हे मला आता कधीच कळणार नाही.

त्यानंतर काकींनी कामाची वाटणी बदलली. “बाय, तू कड धर. कड धरल्याशिवाय टाका बसत नाय,” असे सांगून त्यांनी सासूबाईंच्या दोन्ही हातांत गोधडीची कड दिली. हे खोटे नव्हते. ताणून धरलेल्या कापडावर टाका खरोखरच नीट बसतो. सासूबाई मान ताठ करून कड धरीत आणि कुणाचा हात थांबला तर “चला गो” म्हणत. जेव्हा त्यांना सुई हवीशी वाटे, तेव्हा काकी एक बोथट, जाड सुई त्यांना देत आणि त्या जसे घालतील तसे घालू देत. मृगाच्या आधी गोधडी पुरी झाली. हिरव्या लुगड्याचा तो वीतभर तुकडा मधोमध बसवला होता.

आपल्या घरात वडीलधाऱ्यांसाठी गोधडी वापरणार असाल तर अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगून ठेवते. ती महिन्यातून एकदा कडक उन्हात दोन्ही बाजूंनी घाला. दम्याच्या माणसाला कुबट, धुळकट पांघरूण सोसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या, अशक्त माणसाच्या पायांवर पाच-सहा थरांची जड गोधडी घालू नका, त्यांना कूस बदलता येत नाही. दोन लुगड्यांची हलकी पुरते. खाटेवरून लोंबणारी कड रात्री पायात येते आणि माणूस पडतो. शिवायला बसवणार असाल तर पाठीला भिंत आणि मांडीखाली पाट द्या, दर अर्ध्या तासाने उठवून पडवीतल्या पडवीत चार पावले चालवा. आणि सुया मोजा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपण ग्रासते, आणि त्याचा परिणाम हृदयापासून स्मृतीपर्यंत सगळ्यावर होतो. मी हे वर्तमानपत्रात वाचले तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्ष होत आले होते. २०२४ च्या श्रावणात, पहाटे, झोपेत त्या गेल्या. गोधडी अंगावर होती. रीतीप्रमाणे त्यांचे अंथरूण-पांघरूण द्यावे की ठेवावे, असा प्रश्न आला, तेव्हा काकींनीच ती उचलून धुतली आणि माझ्या हातात आणून दिली.

यजमान निवृत्त होऊन आता येथेच आले आहेत. डोंबिवलीचे घर भाड्याने दिले. गोधडी मी पांघरते. अंधारातही मला त्या दोन ओळी बोटांना लागतात. बाकी सगळ्या गोधडीत तेवढ्याच अगदी सरळ आहेत. त्यांच्या बाजूने, खालच्या कोपऱ्यात, बोथट सुईने घातलेले दहा-बारा टाके एकावर एक आहेत, गाठीसारखे. थंडीत मी तो कोपरा वर घेते.

यंदा शिमग्यानंतर पलीकडच्या वहिनींची गोधडी मांडली आहे, पुन्हा आमच्याच पडवीत. सुया ओवणारी मुलगी शिक्षणासाठी रत्नागिरीला गेली, म्हणून झाकण आता माझ्याकडे आहे. माळावरच्या आजींची एका डोळ्याची शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयात झाली. त्यांना पुष्कळ दिसते. परवा त्यांनी पडवीतून माझ्या केसांतला पांढरा रंग मोजून दाखवला. सुई त्यांची त्यांना ओवता येईल. तरी त्या येतात, कोनाड्याशी जातात आणि झाकणातलीच एक उचलतात. मी सकाळी बारा ओवून ठेवते.